भेंडीची सोयरीक

फुलझाडांच्या वैविध्याबद्दल मराठीत लिहायचं म्हटलं की लेखणी घाटाकडे वळते. कासचं पठार, कारवीचा बहर, एखाद्याच कड्यावर उगवणारी खर्पुडी. परभणी जिल्ह्याच्या वाट्याला या वर्णनात काही येत नाही. इथलं वनक्षेत्र राज्यात अगदी तळाला मोडणारं. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात, येलदरी धरणाच्या अंगाने थोडं साग-पळसाचं रान आहे. बाकी जिल्हा म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि तिच्यावर कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हळद, ऊस. पीक पैदाशीच्या कामात उमेदीची सारी वर्षं घालवल्यावर मला हे चित्र अपुरं वाटतं, आणि का वाटतं ते नीट मांडावं म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं : फुलझाडांत नवं काही घडलं ते दोन वाटांनी. एक वाट फारकतीची, म्हणजे एका जातीतून दोन जाती फुटण्याची. दुसरी सोयरिकीची, म्हणजे दुरावलेल्या दोन जाती पुन्हा एकत्र येऊन तिसरी उभी राहण्याची. घाटात पहिली वाट डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा बोलबाला. दुसरीचा पुरावा बघायचा तर परभणीच्या भेंडीच्या वाफ्याइतकी सोयीची जागा फार नाही.

आधी पहिल्या वाटेचं ऋण मान्य करायला हवं. सह्याद्रीतल्या खर्पुड्या, म्हणजे सेरोपेजिया, हे तिचं उत्तम उदाहरण. एक जाती या डोंगरावर, दुसरी पलीकडच्या, मध्ये दरी. कंदिलासारख्या फुलाचा आकार, आतले केस, रंग हे सगळं जातीगणिक बदलत जातं. पण पेशीत डोकावलं तर बहुतेकींत गुणसूत्रं तीच, २२. मूळ भांडवल एकच, वाटण्या झाल्यावर प्रत्येकीने ते आपापल्या परीने फिरवलं. शाळेतल्या पुस्तकांत उत्क्रांतीचं झाड काढतात, बुंध्यापासून फांद्या फुटत जाणारं, ते या प्रकाराला चपखल बसतं. फुटलेल्या फांद्या पुन्हा जुळताना त्या चित्रात कधी दिसत नाहीत. प्राण्यांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरंही आहे. वनस्पतींच्या बाबतीत मात्र हे चित्र दिशाभूल करतं, आणि ही दिशाभूल लक्षात येते ती ज्याला हातात चिमटा घेऊन फुलं उघडावी लागतात त्याला.

आता भेंडी. तिच्यावरचा केवडा, काही गावांत ज्याला हळद्या म्हणतात तो, मराठी शेतकऱ्याला सांगायला नको. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, शेवटी फळही पिवळट आणि राठ. जुन्या मुंबई इलाख्यात १९२४ सालीच त्याची नोंद झाली होती. पुढे कळलं की हा विषाणू आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेला ‘पुसा सावनी’ हा वाण १९६०च्या सुमारास आला तेव्हा केवड्याला दाद देत नव्हता. काही वर्षांत तोही बळी पडू लागला. लागवडीच्या भेंडीत टिकाऊ प्रतिकारशक्ती सापडेना. परभणीच्या कृषी विद्यापीठात, जे १९७२ साली स्थापन झालं, एन. डी. जांभळे आणि यशवंत नेरकर यांनी शोध भेंडीच्या बाहेर नेला. ‘आबेलमोस्कस मॅनिहॉट’ या वेगळ्या जातीचा घानातून आलेला नमुना त्यांनी ‘पुसा सावनी’शी संकरित केला, संकराची संतती पुन्हा लागवडीच्या भेंडीकडे वळवत, पिढ्यान्‌पिढ्या निवडत नेली, आणि ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. त्याचं निवेदन १९८६ साली ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात आलं. त्याआधी १९८१ साली त्यांनी दाखवलं होतं की रानटी जातीकडची प्रतिकारशक्ती एका प्रभावी जनुकाने चालते. पैदासकाराच्या दृष्टीने यापेक्षा आनंदाची बातमी नाही. पन्नास जनुकं एकदम ओढून आणायची तर आयुष्य पुरत नाही.

ही गोष्ट सहसा वाणाच्या यशाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटून जातं. म्हणून उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, पाकळ्या कापून पुंकेसरांची नळी अलगद सोलायची, कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही, वर कागदी पिशवी घालायची आणि सकाळी दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. इथपर्यंतचं काम हाताचं. पुढे काय होतं ते पेशीच्या मर्जीवर. दूरच्या जातींच्या संकरातून उगवलेलं झाड कित्येकदा दोन्ही पालकांपेक्षा जोमदार असतं, पानोपानी फुलतं, आणि बी धरत नाही. कारण पराग आणि बीजांड बनताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार लागतो, आणि इथे आईकडच्या गुणसूत्राला बापाकडे जोडीदार नाही. अशा वांझ झाडाच्या कोवळ्या शेंड्यावर कोल्चिसिन वापरून पेशीतली सगळी गुणसूत्रं दुप्पट केली की प्रत्येकाला स्वतःचीच प्रत जोडीला मिळते आणि झाड बी धरू लागतं. जांभळे-नेरकर यांनी भेंडी आणि मॅनिहॉट यांच्या संकरावर हा प्रयोगही केला होता. कोल्चिसिन हे औषध माणसाच्या हातचं. पण पेशी विभागता विभागता अडखळते आणि गुणसूत्रं दुप्पट होऊन बसतात, ही घटना निसर्गात आपोआप होते, वरचेवर होते. थंडीचा एक झटका, पराग बनताना झालेली एक चूक, एवढं पुरतं. वांझ संकर आणि सुपीक नवी जाती यांच्यातलं अंतर कधी कधी एका पेशीच्या चुकीएवढंच असतं, हे या कामाने मला शिकवलं. झाडाच्या चित्राने शिकवलं नसतं.

आणि मग भेंडीच्याच पोटात काय आहे ते पाहावं. लागवडीच्या भेंडीत बहुधा १३० गुणसूत्रं आढळतात. इतका मोठा आकडा पाहूनच शंका यावी. भारतात उगवणाऱ्या तिच्या दोन रानटी नातलगांत, ट्युबरक्युलेटस आणि फिक्युल्नियस या जातींत, अनुक्रमे ५८ आणि ७२ आहेत. बेरीज केली की १३०. जोशी आणि हर्डास यांनी १९५६ साली ‘नेचर’मध्ये भेंडी ही दोन संचांची मिळून बनलेली असल्याचा निष्कर्ष मांडला. पालक नेमके हेच की यांच्या जवळचे कोणी, यावर वाद चालू आहे. नुसती बेरीज जुळणं हा पुरावा नव्हे, योगायोगही असू शकतो, आणि पैदासकाराने आकड्यांच्या अशा मोहापासून सांभाळून राहावं. पण संच दोन आहेत याला अलीकडे भेंडीचा जनुकसंच वाचल्यावर बळकटी मिळाली. म्हणजे परभणीत जे केलं गेलं ते भेंडीच्या इतिहासात पहिल्यांदा घडत नव्हतं. एवढंच नाही. पश्चिम आफ्रिकेत शेतकरी एक वेगळी, जाड खोडाची भेंडी पूर्वापार लावतात. तिच्यात १९४च्या आसपास गुणसूत्रं भरतात, आणि १९८८ साली तिला ‘आबेलमोस्कस कैले’ असं स्वतंत्र नाव मिळालं. लागवडीच्या भेंडीची १३०, मॅनिहॉटची ६६च्या आसपास. हिशेब जवळपास जमतो आणि अभ्यासक तिला याच दोघींच्या संकराची संतती मानतात. परभणीच्या प्रयोगशाळेत कोल्चिसिनच्या थेंबाने जे साधलं ते तिथल्या परसबागांत कोणाच्याही नकळत होऊन गेलं होतं. घानाहून परभणीला आलेला नमुनाही याच गटातला असावा, असं मत नंतर काहींनी मांडलं. तसं असेल तर आम्ही ज्याला दूरचं स्थळ समजत होतो तिथे घराण्याची एक सोयरीक आधीच होऊन गेलेली होती.

एका भाजीवर एवढा डोलारा उभा करू नये, हे मान्य. म्हणून कापसाकडे यावं. परभणी, सेलू, मानवत ही कापसाचीच नावं. परभणीच्या मेहबूब बाग प्रक्षेत्रावर देशी कापसाचं काम निजामाच्या राजवटीपासून चालत आलं आहे. मराठवाड्याचा ‘गावरानी’ हा या देशी जातीचाच, गॉसिपियम आर्बोरियमचा, आणि पुढचे ‘परभणी तुराब’ म्हणजे पीए २५५, पीए ०८, पीए ७४० हे लांब धाग्याचे वाणही तिचेच. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला जवळपास सगळा कापूस देशी जातींचा होता. आज शिवारभर दिसतो तो अमेरिकन, गॉसिपियम हिरसूटम. शेतकऱ्याला दोन्ही कापूसच. पेशीला ते तसं वाटत नाही. देशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनमध्ये ५२. दोघांचा संकर केला तर ३९ गुणसूत्रांचं झाड मिळतं आणि तिथेच अडतं. पण ५२ हा आकडा आला कुठून? दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कापसाच्या गोताचं बी, बहुधा समुद्रावर तरंगत, अमेरिकेच्या भूमीवर पोचलं आणि तिथल्या एका रानकापसाशी त्याचा संकर होऊन गुणसूत्रं दुप्पट झाली. ही कल्पना पडताळून पाहता येते, आणि टेक्सासमध्ये जे. ओ. बीसली यांनी १९४० साली ती पडताळली. त्यांनी आर्बोरियम आणि एक अमेरिकन रानकापूस यांचा संकर करून कोल्चिसिनने तो दुप्पट केला; तयार झालेलं झाड हिरसूटमशी जुळलं आणि संततीने बी धरलं. यातली खरी गंमत पुढची आहे. त्या अमेरिकन रानकापसाच्या बियांवर सूत कातण्याजोगा धागा नसतो. तरीही अमेरिकन कापसाच्या धाग्याची प्रत ठरवणाऱ्या जनुकांचा शोध घेतला तेव्हा त्यातली बरीच या धागा नसलेल्या पालकाकडून आलेल्या गुणसूत्रांवर सापडली. दोन भांडवलं एकत्र आल्यावर जे तयार झालं ते एकाकडेही नव्हतं. सोयरिकीची वाट नुसती बेरजेची असती तर मी तिचा एवढा पुरस्कार केला नसता.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो : हा सगळा माणसाचा उद्योग आहे, याला उत्क्रांती कशाला म्हणायचं? पैदासकाराने बोटाने पराग लावला, पिशवी बांधली, निवड केली. निसर्गाचा काय संबंध? कापसाचं उदाहरण याचं निम्मं उत्तर देऊन जातं. दहा लाख वर्षांपूर्वी अमेरिका खंडावर माणूसच नव्हता. उरलेलं उत्तर असं की निवड कोणी केली यावरून निवडलेल्या गोष्टीचा जन्म कसा झाला ते ठरत नाही. माशी पराग नेते, वारा नेतो, मजूर बाई नेते. कापसाच्या संकरित बियाण्याचं काम करणाऱ्या बायकांची बोटं एका सकाळी जेवढी पाती आणि फुलं हाताळतात ते पाहिलं तर मधमाशीने लाजावं. पराग कुक्षीवर पडल्यानंतर नळी उतरेल की नाही, भ्रूण तगेल की नाही, गुणसूत्रं जुळतील की नाही, हे यातल्या कोणाच्याही हातात नसतं. डार्विनने आपलं पुस्तक कबुतरं आणि पाळीव जनावरांपासून सुरू केलं ते काही कौतुकापोटी नाही. घरगुती निवड समजली की रानातली समजायला वाट मिळते, हा त्याचा हिशेब होता. पिकांचं काम करणाऱ्याने तो मागे घेण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो वनस्पतिशास्त्रातूनच येतो. गुणसूत्रं अशी दुप्पट झालेली, म्हणजे बहुगुणित, झाडं पुष्कळ उपजतात हे खरं, पण ती फार पुढे जात नाहीत. लेडयार्ड स्टेबिन्स यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने त्यांच्याकडे उत्क्रांतीतली आडवाट म्हणून पाहिलं. २०११ साली ‘सायन्स’मधल्या एका अभ्यासाने त्याला आकड्यांचा आधार दिला : नुकत्याच दुप्पट झालेल्या कुळांतून नव्या जाती फुटण्याचा वेग दुप्पट न झालेल्यांपेक्षा कमी निघाला. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये उलट दिशेचा पुरावा आला. आजच्या फुलझाडांच्या जनुकसंचांत एका फार प्राचीन दुप्पटीच्या खुणा आहेत, आणि त्या सगळ्यांत आहेत. २०१३ साली न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अम्बोरेला या झुडपाचा जनुकसंच वाचून झाला. फुलझाडांच्या वंशातली सर्वांत आधी वेगळी झालेली, आज जिवंत असलेली ही शाखा. तिच्यातही ती खूण सापडली. म्हणजे आज पृथ्वीवर ज्या सुमारे तीन लाख फुलझाडांच्या जाती आहेत, त्या सगळ्या एका दुप्पट झालेल्या पूर्वजाच्या वंशातल्या. माझ्या मते या दोन निष्कर्षांत भांडण नाही. बहुतेक बहुगुणित संपतात. जे थोडे टिकतात त्यांच्याकडे प्रत्येक जनुकाची एक जादा प्रत असते, एकीने जुनं काम करावं आणि दुसरीने नवं काही करून पाहावं, आणि त्याचं फळ लाखो वर्षांनी दिसतं. लगेच हिशेब मागितला तर आडवाटच वाटणार.

तरी या वाटेची मर्यादा दाखवणारं पीकही परभणीतच आहे, आणि ते टाळलं तर माझी मांडणी लबाडीची होईल. ज्वारी. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ हे वाण इथलेच. सगळ्या तृणधान्यांच्या पूर्वजात एक मोठी दुप्पट झाली होती, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी. ज्वारीचा जनुकसंच २००९ साली वाचला गेला तेव्हा दिसलं की त्यानंतर तिच्या वंशात दुसरी दुप्पट झालेली नाही. मक्याच्या वंशात मात्र ज्वारीपासून फारकत घेतल्यावर आणखी एकदा झाली. तरी ज्वारीच्या वैविध्याला तोटा नाही. आफ्रिकेतल्या विखुरलेल्या कणसांपासून आपल्या मालदांडीच्या गच्च, बाकदार कणसापर्यंत सगळं २० गुणसूत्रांत बसतं. इथे काम केलं ते बारीकसारीक जनुकबदलांनी आणि शेतकऱ्याच्या नजरेने. म्हणजे सोयरिकीशिवाय वैविध्य येतच नाही, असं कोणी म्हणत असेल तर ज्वारी त्याला खोटं पाडेल. मी तेवढं म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्वारीच्या पायातही ती जुनी दुप्पट आहे. गवतांच्या जुनेपणाची साक्ष तर महाराष्ट्रानेच दिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पानांतले वाळूसारखे सूक्ष्म कण सापडले; २००५ साली ते प्रसिद्ध झाल्यावर गवतांचा उदय डायनोसॉरांनंतरचा, ही समजूत मागे पडली. त्या थरांवर नंतर ज्या लाव्ह्याचे लोट पसरले त्यांचाच दगड झिजून परभणीची काळी जमीन झाली. रब्बी ज्वारी तिच्याच ओलीवर येते.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि मला तो सर्वांत रास्त वाटतो : रानटी जातीकडून आणलेलं ते जनुक टिकलं का? ‘परभणी क्रांती’ बरीच वर्षं देशभर लागली, पण पुढे अनेक भागांत तिच्यावरही केवडा दिसू लागला. टिकलं नाही, असं म्हणणाऱ्याला मी चूक ठरवणार नाही. एका जनुकावर उभा असलेला प्रतिकार विषाणूला ओलांडता येतो, कारण विषाणू आणि पांढरी माशी दोघांच्या पिढ्या भेंडीपेक्षा कितीतरी भराभर उलटतात. पण यावरून रानटी नातलगांचा उपयोग नाही असं ठरत नाही; एकदाच केलेली सोयरीक पुरत नाही, एवढं ठरतं. उसाचं पाहा. १९१२ साली कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड रसाळ ऊस आणि नदीकाठी पांढरे तुरे काढणारं कांस यांचा संकर केला, आणि ‘को २०५’ १९१८ साली शेतात आला. जायकवाडीच्या कालव्यावर पाथरीकडे उभा असलेला ऊस गोडवा घेतो एकीकडून आणि काटकपणा घेतो गोदाकाठच्या त्या कांसाच्या गोताकडून. तिथेही पैदासकार एका संकरावर थांबले नाहीत. कांसाचे नवे नमुने गोळा करणं आजही चालू आहे.

रानभेंडी अजून आपल्या काळ्या रानात बांधाकडेला, ओढ्याच्या काठाने उगवते. बांध कोरून रुंद शेत करणं आणि उरलेल्या बांधावर तणनाशक मारणं या दोन्ही गोष्टी वाढल्या आहेत. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, मजुरीचा भाव त्याला ठाऊक आहे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे, तिथे आणि दिल्लीच्या शीतकोठीत अशा नमुन्यांचं बी जपलं जातं, आणि ते जपायलाच हवं. फक्त शीतकोठीतल्या बियाला ना पांढरी माशी भेटते ना नवा विषाणू. ते जिथे थांबलं तिथेच राहतं. बांधावरची रानभेंडी दर पावसाळ्यात दोघांनाही सामोरी जाते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात, शेजारचा भेंडीचा प्लॉट पिवळा पडलेला असताना, तिच्यातली कोणती झाडं हिरवी राहतात ते पाहून, गाव-शिवाराच्या नोंदीसह बी काढून ठेवणं हे काम एकदाच नव्हे तर दर दोन-चार वर्षांनी पुन्हा करावं लागेल. ते बाहेरून येऊन जमणारं नाही. मानवतच्या ज्या शेतकऱ्याला बांधावरची भेंडी आणि अंबाडी फुलाआधी पानावरून वेगळी सांगता येते, त्याच्याशिवाय ती यादी पुरी व्हायची नाही.